वाटीच्या झिजेवर इंजेक्शन : घ्यावं का, आणि कोणतं?

प्रश्न : माझं वय ५६. ग्रंथालयात नोकरी करते. खालच्या फळीवरची पुस्तकं काढायला उकिडवं बसणं, शिडीवर चढणं-उतरणं हे दिवसभर चालू असतं. गेलं वर्षभर उजवा गुडघा पुढच्या बाजूने, वाटीच्या मागे दुखतोय. सपाट रस्त्यावर कितीही चालले तरी फारसं काही होत नाही, पण जिना उतरताना जीव जातो. खूप वेळ बसून उठलं की पहिली काही पावलं लंगडतच पडतात. आतून करकर आवाज येतो आणि अधूनमधून सूज येते. आता डावाही कुरकुरायला लागलाय. एक्सरेत वाटीची झीज निघाली. एका डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं. दुसरे म्हणाले, ते अजिबात नको, जेलचं घ्या. तिसऱ्यांनी स्वतःच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी घ्यायला सांगितलं. नणंदेला जेलचं लागू पडलं म्हणून ती तेच घे म्हणते, आणि भाचा स्टेम सेलच्या जाहिराती पाठवतो. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. एकदा इंजेक्शन घेतलं की सवय लागते, हाडं ठिसूळ होतात असंही ऐकलंय. मी नक्की काय करू? आणि घ्यायचंच असेल तर दोन्ही गुडघ्यांत एकदमच घेऊन टाकू का?

उत्तर : तिन्ही डॉक्टरांपैकी कुणीही तुम्हाला भलतंच काही सांगितलेलं नाही. पण तिघांनीही आपापल्या सुईबद्दल सांगितलं, गुडघ्याबद्दल फारसं नाही, असं तुमचं पत्र वाचून वाटलं. म्हणून आधी गुडघ्याबद्दल बोलते. त्यात तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं येऊन जातील.

सपाट रस्त्यावर त्रास नाही आणि जिना उतरताना जीव जातो, हे तुम्ही लिहिलंत. वाटीच्या झिजेची याहून नेमकी खूण नाही. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधला सांधा झिजला असता तर तुम्हाला चालतानाच दुखलं असतं. वाटीचा सांधा वेगळा. वाटी मांडीच्या हाडाच्या पुढच्या खोबणीत वरखाली सरकते, आणि गुडघा जितका जास्त वाकेल तितकी ती खोबणीवर जास्त दाबली जाते. ढोबळ हिशेब असा, की सपाट चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास भार येतो, जिन्यावर तो तिपटीच्या पुढे जातो आणि पूर्ण उकिडवं बसताना सात-आठ पट होतो. म्हणजे ६० किलोचं माणूस खालच्या फळीवरचं पुस्तक काढायला बसतं तेव्हा त्याच्या वाटीवर चारशे किलोंहून जास्त दाब असतो. निसर्गाला हे ठाऊक असावं, कारण वाटीच्या मागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, शरीरातल्या सगळ्यात जाड कूर्चांपैकी आहे. तरीही ती झिजते, आणि बहुतेकांमध्ये बाहेरच्या बाजूने जास्त झिजते. मांडीचे स्नायू कमजोर झाले किंवा वाटी मुळातच थोडी बाहेर कललेली असली, की ती खोबणीत तिरकी चालते. चौकटीत तिरका बसलेला ड्रॉवर जसा एकाच कडेला घासत राहतो, तसं हे.

आता या सगळ्याचा इंजेक्शनशी संबंध काय, तर हा : कूर्चेला मज्जातंतू नसतात. ती कितीही झिजली तरी ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते सांध्याचं आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड आणि वाटीच्या खालची चरबीची गादी. एक्सरे तोच राहतो आणि दुखणं मात्र एका महिन्यात वाढतं, दुसऱ्या महिन्यात उतरतं, ते यामुळेच. इंजेक्शन काम करतं ते या सुजलेल्या, चिडलेल्या अस्तरावर. झीज भरून काढणारं किंवा वाटी सरळ चालवणारं इंजेक्शन आजघडीला कुणाकडेही नाही. कुणी तसं म्हणत असेल तर त्यांच्या पुढच्या सगळ्या बोलण्याकडे जरा सावधपणेच बघा.

एक्सरेबद्दल एक विचारायचं राहिलं. उभं राहून समोरून आणि बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये वाटीचा सांधा नीट कळत नाही. गुडघा थोडा वाकवून, वाटी आणि खोबण यांच्यामधली फट दिसेल असा एक वेगळा एक्सरे असतो, त्याला स्कायलाइन व्ह्यू म्हणतात. तुमचा तो काढलाय का ते बघा. नसेल तर काढून घ्या. एमआरआयची घाई करू नका. या वयात एमआरआयमध्ये काही ना काही निघतंच, आणि मग माणूस गुडघ्यापेक्षा रिपोर्टचीच काळजी करत बसतो.

आता स्टेरॉइड. सांध्यात देतात ते बहुतेक वेळा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन असतं, साधारण ४० मिलिग्रॅम, आणि त्यात बधिर करणारं लिग्नोकेन मिसळलेलं असतं. लिग्नोकेनमुळे पहिले काही तास गुडघा इतका हलका वाटतो की लोक खूश होऊन घरी जातात, आणि रात्री दुखणं परत आलं की ‘फसलो’ म्हणतात. फसलेले नसतात. स्टेरॉइडचा स्वतःचा परिणाम सुरू व्हायला दोन-तीन दिवस, कधी आठवडाही लागतो. काहींचा गुडघा तर पहिले एक-दोन दिवस आधीपेक्षा जास्त ठणकतो, मग शांत होतो. एकदा लागू पडलं की आराम काही आठवडे टिकतो. नशीब चांगलं असेल तर तीन महिने, पण मनाशी चार ते सहा आठवडेच धरून चाला.

सुजलेल्या, पाणी झालेल्या गुडघ्यात स्टेरॉइड जास्त चांगलं चालतं असा बऱ्याच डॉक्टरांचा अनुभव आहे. माझंही मत तेच आहे, पण हे अभ्यासांत ठामपणे सिद्ध झालेलं नाही, हेही सांगायला हवं. तुम्हाला अधूनमधून सूज येते. ती आलेली असताना डॉक्टरांना दाखवा, गुडघा शांत असताना नव्हे. कोरडा, फक्त जिन्यावर दुखणारा गुडघा असेल तर मी सुईच्या आधी दुसऱ्या बऱ्याच गोष्टी करून बघेन. त्या पुढे येतातच.

हाडं ठिसूळ होण्याची भीती कुठून आली ते समजू शकते. महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची हाडं खरोखर कमजोर होतात. वर्षात एखाद-दुसऱ्यांदा सांध्यात दिलेल्या इंजेक्शनाची गोष्ट वेगळी. त्याने हाडं ठिसूळ होत नाहीत, आणि व्यसन लागावं तशी सवयही लागत नाही. खरी काळजी कूर्चेची आहे. २०१७ साली अमेरिकेत १४० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना दर तीन महिन्यांनी, सलग दोन वर्षं, ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन दिलं. उरलेल्यांना तितक्याच वेळा नुसतं मिठाचं पाणी, म्हणजे सलाइन. दोन वर्षांनी स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटरने कमी झालेली होती, सलाइनवाल्यांची ०.१० मिलिमीटरने. आणि दुखण्यात? काही फरक नाही. आकडे बारीक आहेत, एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा फरक प्रत्यक्षात किती जाणवेल यावर वाद घालता येईल. पण ‘दर तीन महिन्यांनी या, टोचून जा’ ही पद्धत चुकीची आहे, एवढं त्यातून स्पष्ट होतं. मोक्याच्या वेळी एक, फार तर वर्षात दोन, याच्या पुढे मी जाणार नाही. पुढेमागे सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरलीच, तर तिच्या आधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात स्टेरॉइड घेऊ नका. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

तुमच्या बाबतीत अडचण मधुमेहाची. सांध्यातलं स्टेरॉइड थोडंफार रक्तात उतरतं आणि साखर वाढवतं. वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त असते आणि बहुतेकांची आठवड्याभरात पूर्वपदावर येते. यासाठी इंजेक्शन टाळायलाच हवं असं नाही, पण आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. ते खूप वाढलेलं असेल तर आधी साखर ताब्यात आणा, सुई पळून जात नाही. घेतल्यावर आठवडाभर घरी साखर मोजा आणि कितीच्या पुढे गेली तर फोन करायचा, तो आकडा मधुमेहाच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. गोळीचा डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. त्यामुळे इंजेक्शन बहुतेक वेळा रद्द होत नाही, पण देणाऱ्याला माहीत असायला हवं.

सुई कशी देतात याची धास्ती अनेकांना असते, तुम्ही लिहिलं नसलं तरी. पाय सरळ ठेवून किंवा गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवून तुम्हाला उताणं झोपवतात. डॉक्टर अंगठ्याने वाटी जरा बाजूला सरकवून तिची कड चाचपतात, तिथे पेनाने खूण करतात. जंतुनाशकाने दोन-तीनदा पुसतात आणि ते वाळू देतात (हे वाळू देणं महत्त्वाचं, त्यात घाई होऊ नये). सुई बाहेरच्या बाजूने, वाटीच्या वरच्या कोपऱ्याजवळून वाटीच्या खाली शिरते. तुम्ही मांडी घट्ट आवळून धरलीत तर वाटी खोबणीवर दाबली जाते आणि सुईला वाटच मिळत नाही, म्हणून पाय सैल सोडा. आत पाणी असेल तर आधी ते काढतात. झिजेच्या गुडघ्यातलं पाणी सिरिंजमध्ये फिकट पिवळं, पारदर्शक आणि चिकटसर दिसतं, तार धरेल असं. ते गढूळ किंवा पुवासारखं निघालं तर शहाणा डॉक्टर औषध भरत नाही, पाणी तपासणीला पाठवतो. नुसतं पाणी काढल्यानेही ताण उतरून बरंच हायसं वाटतं. अंदाजाने दिलेली सुई कधीकधी सांध्याबाहेर चरबीत जाते. सोनोग्राफीवर बघून दिली तर हा प्रश्न मिटतो, विशेषतः जाड गुडघ्यात. तेव्हा तशी सोय आहे का ते विचारायला संकोचू नका. गुडघ्याची पोकळी एकच असते, त्यामुळे औषध वाटीखाली टाकलं तरी सगळ्या सांध्यात पसरतं. ‘वाटीचं खास इंजेक्शन’ असा काही प्रकार नाही.

जेलकडे येते. हे हायलुरोनिक ॲसिड, सांध्यातल्या द्रवाचाच एक नैसर्गिक घटक, जो झिजेच्या गुडघ्यात पातळ पडतो. कोंबड्याच्या तुऱ्यातून किंवा जिवाणूंच्या मदतीने तो तयार करतात आणि एकदाच किंवा आठवड्याला एक अशा तीन ते पाच सुयांमध्ये देतात. ‘वंगण भरतो’ म्हणतात ते हेच. कल्पना इतकी पटण्यासारखी आहे की आपण पुढचं विचारत नाही : हे वंगण आत राहतं किती दिवस? साधं असेल तर फार थोडे दिवस, दाट केलेलं असेल तर काही आठवडे. मग शरीर ते काढून टाकतं. अमेरिकेत १९९७ साली याला मान्यता मिळाली ती औषध म्हणून नाही, उपकरण म्हणून, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. त्यानंतर असंख्य अभ्यास झाले. २०२२ साली ते सगळे एकत्र तपासले तेव्हा सलाइनपेक्षा फायदा निघाला, पण रुग्णाला जाणवेल त्याच्या खालचा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने हे इंजेक्शन देऊ नका असं सांगितलं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सबुरीच्या शब्दांत नकोच म्हटलं होतं. उलट झिजेवर संशोधन करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना २०१९ मध्ये म्हणाली, काही अटींवर देता येईल. थोडक्यात, जाणकारांतच दोन तट आहेत. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत त्यातल्या एका तटाचं आहे, एवढंच.

मग नणंदेला बरं कसं वाटलं? त्या खोटं बोलत नाहीत. अशा अभ्यासांत नुसतं सलाइन टोचलेल्या लोकांनाही बराच आराम पडतो, आणि सुईच्या उपचारात हा परिणाम गोळीपेक्षा मोठा असतो. त्यातच माणूस इंजेक्शन घ्यायला जातो ते दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. टोकाला गेलेलं दुखणं बहुधा तसंही उतरणीला लागतं, आणि श्रेय त्या आठवड्यात जे घेतलं त्याला जातं. कदाचित जेलनेही थोडं काम केलं असेल. पण त्यांचा गुडघा आतल्या बाजूने झिजलाय की तुमच्यासारखा वाटीखाली, हे तरी कुठे माहीत आहे? इंजेक्शनांचे बहुतेक अभ्यास सगळ्या गुडघ्याच्या झिजेवर झालेत. नुसत्या वाटीची झीज असलेले रुग्ण त्यांत थोडे होते. त्यामुळे मी इथे देतेय ते इंजेक्शनांचे आकडे तुमच्यासाठी उसने आहेत. जेल घ्यायचं ठरलंच तर कोंबडी-अंड्याची ॲलर्जी असल्यास आधी सांगा. आणि मेडिकलमध्ये मिळणारं, वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल वेगळं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ते मात्र गुडघ्यासाठी चांगलं आहे, नियमित लावलं तर.

पीआरपीत तुमच्या दंडातून रक्त काढतात, यंत्रात गरागरा फिरवून त्याचे थर वेगळे करतात आणि प्लेटलेट्स दाटलेला थोडासा पिवळसर भाग गुडघ्यात देतात. प्लेटलेट्समध्ये भरून येण्याला मदत करणारे घटक असतात, म्हणून ही कल्पना. गोंधळ इथे आहे, की प्रत्येक ठिकाणची कृती वेगळी. किती रक्त, किती फिरवायचं, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की काढायच्या, सगळंच वेगळं. त्यामुळे एका दवाखान्यातलं पीआरपी आणि दुसऱ्या दवाखान्यातलं पीआरपी एकच औषध आहे असं समजता येत नाही. काही अभ्यासांत ते सहा महिने-वर्षभरात जेलपेक्षा सरस ठरलं. पण २०२१ साली ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर काटेकोर अभ्यास झाला, आठवड्याला एक अशा तीन सुया. वर्षानंतर दुखणं आणि कूर्चा, दोन्हींत सलाइनपेक्षा सांगण्यासारखा फरक निघाला नाही. तुमच्या दृष्टीने पीआरपीची एक जमेची बाजू आहे : त्याने साखर वाढत नाही. म्हणून मी ते मोडीत काढणार नाही. पण पहिल्या क्रमांकावरही ठेवणार नाही. घेतलंत तर आधी आणि नंतर काही दिवस सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद ठेवायला सांगतात, ते पाळा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

स्टेम सेलबद्दल फार लिहीत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला. अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या पेशी, तिन्हींची तुलना साध्या स्टेरॉइडशी केली होती. वर्षानंतर एकीनेही स्टेरॉइडला मागे टाकलं नाही. झिजेसाठी कोणत्याही स्टेम सेल उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मान्यता दिलेली नाही. भाच्याला प्रेमाने सांगा, जाहिराती पाठवू नकोस. साखरेच्या पाण्याची किंवा ओझोनची इंजेक्शनं कुणी सुचवली तर त्यांचा नादही सध्या नको. गुडघ्याचे मज्जातंतू बधिर करणारं किंवा उष्णतेने त्यांना निकामी करणारं इंजेक्शन असतं, ते बाकी सगळं थकल्यावर आणि शस्त्रक्रिया करता येत नसेल अशांसाठी. तुम्ही त्या टप्प्यावर नाही.

मग स्टेरॉइड घ्यायचं का? मला विचाराल तर आज नाही. आधी फिजिओथेरपिस्टकडे जा. हे टाळण्यासाठी म्हणत नाही. २०२० मध्ये १५६ रुग्णांवर स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि फिजिओथेरपी यांची समोरासमोर तुलना झाली. वर्षानंतर फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं आणि हालचाल दोन्ही जास्त चांगली होती. वाटीच्या बाबतीत तर मांडीचे पुढचे स्नायू आणि कुल्ह्याचे बाजूचे स्नायू हेच तिला खोबणीत धरून ठेवतात, आणि सुई त्यांना बळ देऊ शकत नाही. पाय सरळ ठेवून गुडघ्याखालची गुंडाळी दाबणं, सरळ पाय उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलणं इथून सुरुवात करतात. पुढे उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं, आणि मग एका बुटक्या पायरीवरून हळूहळू खाली पाऊल टाकणं. हा शेवटचा प्रकार म्हणजे तुमचा जिना, फक्त तुमच्या ताब्यातला. आरशासमोर करा. खाली येताना गुडघा आत वळत असेल तर अजून तो व्यायाम तुमच्यासाठी नाही, एक पायरी मागे या. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, दहापैकी तीन-चारपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरलेलं असायला हवं, नसेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. तीन महिने द्या. पहिल्या पंधरवड्यात काहीच वाटणार नाही, आणि नेमके तिथेच बहुतेक जण सोडून देतात.

जोडीला वाटी सांभाळणारा पट्टा वापरून बघा. साधा गुडघ्याचा मोजा नव्हे, वाटीभोवती आधार असलेला. २०१५ साली १२६ जणांवर त्याचा अभ्यास झाला. सहा आठवड्यांत दुखणं कमी झालं, आणि एमआरआयवर वाटीच्या हाडातली सूजही कमी झालेली दिसली. वजन जास्त असेल तर (तुम्ही लिहिलेलं नाही) एक किलो उतरवलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो. आणि ग्रंथालयात खालच्या फळीसाठी एक बुटकं स्टूल ठेवून घ्या. दिवसातून वीस वेळा उकिडवं बसून कुठलंही इंजेक्शन टिकणार नाही.

स्टेरॉइडची जागा नंतर येते : सूज उतरतच नसेल, रात्रीची झोप मोडत असेल, किंवा दुखण्यामुळे व्यायामच जमत नसेल तेव्हा. तेव्हा बिनधास्त घ्या, आणि मिळालेले चार-सहा आठवडे व्यायामासाठी वापरा. पहिले एक-दोन दिवस गुडघ्याला विश्रांती, आठवड्याभरात व्यायाम पुन्हा सुरू. बरं वाटतंय म्हणून त्याच आठवड्यात शिडीवर चढून सगळी कपाटं लावायला घेऊ नका. कोणतंही इंजेक्शन घेतलंत तरी औषधाचं नाव आणि डोस कागदावर लिहून मागा. ‘गुडघ्याचं इंजेक्शन दिलं’ एवढ्यावर पुढचा डॉक्टर काही ठरवू शकत नाही. इंजेक्शननंतर गुडघा लाल, गरम होत गेला, ताप आला, पाय टेकवेनासा झाला आणि दुखणं दोन दिवसांनंतर कमी होण्याऐवजी वाढतच गेलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यातला जंतुसंसर्ग फार क्वचित होतो, पण झाला तर दिवस नाही, तास मोजायचे असतात. मधुमेह असलेल्यांनी तर यात ‘उद्या बघू’ म्हणूच नये.

शस्त्रक्रियेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, आणि आत्ता विचारायची गरजही नाही. फक्त वाटीचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया असते, एवढं ठाऊक असू द्या. वर्षभर मनापासून सगळं करूनही जिना जमला नाही, तर तेव्हा तिच्याबद्दल बोलू.

दोन्ही गुडघ्यांत एकदम नको. एका दिवशी दोन म्हणजे स्टेरॉइडचा डोस दुप्पट, आणि साखरेची उडी त्या हिशेबाने. शिवाय डावा अजून नुसता कुरकुरतोय, त्याला व्यायाम आणि पट्टाच पुरे व्हावा. वेळ आलीच तर आधी उजव्यात घ्या, निदान तीन-चार आठवडे जाऊ द्या, आणि साखर कशी वागली, आराम किती दिवस टिकला हे बघून मग डाव्याचं ठरवा.